हूल, कावा आणि वीस पैलूंचा फासा

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकतो, बचावाची साखळी तिकडे झुकते, आणि त्याच क्षणी तो उजवीकडच्याला हात लावून मध्यरेषेकडे सुटतो. बीड जिल्ह्यात गेवराईपासून परळीपर्यंत कुठल्याही शाळेच्या मैदानावर ही हूल बघायला मिळते; पोरं ती पुस्तकातून शिकत नाहीत. पण समजा, धावायला मैदानच नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसलेत. समोर चौकटींचा नकाशा, कागद, पेन्सिली आणि वेगवेगळ्या पैलूंचे फासे. शत्रू कागदावर आहे आणि लढाई बोलण्यातून चालली आहे. इथं हूल द्यायची कशी, आणि मुळात द्यायची कुणाला?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी चोरपावलांनी फिरणारा हेर, कुणी मांत्रिक. एक जण मात्र पात्र घेत नाही; तो सगळं जग चालवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सर्वांत प्रसिद्ध खेळात त्याला डंजन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. दार उघडल्यावर आत काय दिसलं ते तो सांगतो, शत्रू काय करतो ते तो ठरवतो आणि जिथं निकाल अनिश्चित असतो तिथं फासा टाकायला लावतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळवेड्यांनी 1974 साली हा खेळ छापून बाजारात आणला. आज पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांतल्या मुलांना डी अँड डी हे नाव नवीन राहिलेलं नाही.

या खेळात कावा करणं अवघड होतं ते एका साध्या कारणानं. खेळाडू आपसांत कुजबुजतात, “दोघं पुढून आरडाओरडा करू, बाकीचे मागच्या ओढ्यातून शिरू.” आणि शत्रू चालवणारा डीएम समोरच बसून ते ऐकत असतो! ज्याला फसवायचं त्याच्याच कानांवर बेत पडतो. अशा वेळी डीएमनं शत्रूचे दोन पहारेकरी ‘सहजच’ ओढ्याकडे वळवले, तर खेळाडूंचा अर्धा तास पाण्यात. पुन्हा ते कावा करायच्या भानगडीत पडत नाहीत. सरळ तलवार उपसून आत घुसतात. अनेक टेबलांवरच्या लढाया कंटाळवाण्या होतात, त्याचं मूळ इथं आहे. खेळाडूंची कल्पनाशक्ती कमी पडलेली नसते. शत्रूला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा हिशोब कुणी ठेवलेला नसतो.

हा हिशोब कसा ठेवायचा, याचं उत्तर मात्र खेळाच्या पूर्वजांकडेच होतं. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याच्या वडिलांनी 1812 मध्ये राजापुढे मांडलेल्या कल्पनेचं ते सुधारलेलं रूप होतं. त्यात दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एकमेकांच्या हालचाली आपोआप दिसत नसत. ते लेखी हुकूम पंचाकडे देत, आणि पंच प्रत्येकाला फक्त तेवढंच सांगे जेवढं त्याच्या तुकडीला त्या जागेवरून खरोखर दिसलं असतं. टेकडीमागची फौज टेकडीमागेच राहायची. नकाशावर तिचा ठोकळा मांडलाच जात नसे. पंचाला सगळं माहीत, पण तो कुणाच्याच बाजूनं लढत नाही. पुढे अमेरिकेत मिनेसोटाच्या डेव्हिड वेस्लीनं जुन्या युद्धखेळांतला हा पंच उचलला आणि 1969 च्या सुमारास ‘ब्राउनस्टाईन’ नावाचा डाव रचला. त्यात एकेका खेळाडूला एकेक माणूस चालवायला मिळाला. त्या डावात खेळणाऱ्यांतच आर्नेसन होता. म्हणजे डीएमच्या खुर्चीत बसलेला माणूस मुळात पंच आहे. शत्रूची बाजू चालवण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं. कावा जमवायचा असेल तर त्याला आपल्यातला पंच जागा ठेवावा लागतो.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटेल. पण कावा म्हणजे समोरच्याच्या माहितीशी खेळणं, हे शिकायला बीड जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठावर राक्षसभुवन आहे. शनीच्या देवळासाठी लोक तिथं जातात. 10 ऑगस्ट 1763 रोजी तिथं निजाम अली आणि पेशवे यांच्या फौजांत जी लढाई झाली, ती एखाद्या डीएमनं जशीच्या तशी टेबलावर मांडावी इतकी नेटकी आहे.

पानिपत होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. पेशव्यांच्या गादीवर 18 वर्षांचे माधवराव, कारभारात काका राघोबादादा, आणि घरात धुसफूस. निजाम अलीनं संधी साधून त्या उन्हाळ्यात पुणं लुटलं, जाळलं. नागपूरचे जानोजी भोसले त्याच्या बाजूला गेलेले. मराठ्यांनी पुण्याच्या बचावाला धावण्याऐवजी निजामाच्याच मुलखात घुसून थेट हैदराबादच्या आसपास खंडणी गोळा केली. पावसाळा लागला, तसा निजाम छावणीसाठी औरंगाबादकडे निघाला. वाटेत गोदावरी. नदीला पूर. तो स्वतः काही फौजेसह उत्तर तीरावर उतरला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अजून दक्षिण तीरावर, राक्षसभुवनाच्या बाजूला.

आणि याच सुमारास जानोजी निजामाच्या तळातून बाजूला झाले. निमित्त काय, तर फौजेच्या पगाराला पैसे मिळाले नाहीत. आतून मात्र पेशव्यांशी बोलणी पक्की झालेली होती. बदल्यात 32 लाखांचा मुलूख कबूल झाला होता. मराठी फौज लांबलांब मजला मारत आली आणि नदीच्या अलीकडे अडकलेल्या विठ्ठल सुंदरवर तुटून पडली. लढाई एकतर्फी झाली नाही. मध्येच राघोबादादाच वेढले गेले आणि माधवरावांनी राखीव तुकड्या घालून त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावर निजाम होता, पण फुगलेली गोदावरी ओलांडून मदत पाठवणं त्याला शक्य नव्हतं. पुढे औरंगाबादला तह झाला आणि निजामाला 82 लाखांचा मुलूख सोडावा लागला.

या प्रसंगात खरी चतुराई जानोजींच्या निमित्तात आहे. अठराव्या शतकात पगार थकला नाही अशी फौज शोधूनच काढावी लागली असती. शिलेदार रुसून बसणं, सरदारानं तळ वेगळा ठोकणं, हे रोजचं होतं. म्हणून ते ऐकून विठ्ठल सुंदरला धोक्याचा वास आला नसावा. खोटं टिकतं ते समोरच्याच्या रोजच्या अनुभवात बसतं म्हणून. टेबलावर बसलेल्या खेळाडूंनी किल्ल्याच्या दारात जाऊन “आम्ही राजाचे गुप्त दूत आहोत” असं सांगितलं, तर डीएमनं भुवया उंचावाव्यात हे रास्तच. पण तेच खेळाडू ओल्या घोंगड्या पांघरून, दोन दिवस उशिरा आलेल्या दाणागोट्याच्या गाड्या हाकत आले आणि उशीर झाल्याबद्दल दारावरच भांडायला लागले, तर पहारेकरी बहुधा शिव्या घालत दार उघडेल. हा फरक नियमांच्या पुस्तकात नेमका लिहिलेला नसतो. तो खेळाडूंनी शत्रूच्या दिवसाचा विचार करण्यातून येतो.

माधवरावांचे आजोबा बाजीराव यांनी 1727-28 च्या मोहिमेत हेच फार मोठ्या पटावर केलं होतं. आपण बुऱ्हाणपूर लुटायला निघालो आहोत, अशी आवई त्यांनी उठवली. या निजामाचे वडील निजाम-उल-मुल्क तिकडे धावले, आणि बाजीराव तापी ओलांडून गुजरातेत उतरले. निजामानं मग पुण्याकडे मोर्चा वळवला, तेव्हा बाजीरावांनी पुणं वाचवायला न जाता औरंगाबादचाच रोख धरला. राजधानी वाचवायची तर घाई करायला हवी. घाई करायची तर जड तोफा मागं ठेवायला हव्यात. निजामानं त्या मागं ठेवल्या. 25 फेब्रुवारी 1728 ला वैजापूरजवळच्या पालखेड परिसरात, पाण्यापासून तुटलेला आणि तोफांवाचूनचा निजाम वेढला गेला. 6 मार्चला गोदाकाठीच मुंगी-शेवगावला तह झाला.

पालखेडमध्ये शत्रू नुसता चुकीच्या दिशेला पळाला, एवढ्यावर थांबू नये. त्याला आपल्या विश्वासाची किंमत मोजावी लागली. रोल-प्लेइंग गेममध्ये नेमकं हेच विसरलं जातं. खेळाडू एखाद्या राक्षसटोळीला खोटी आग दाखवतात, टोळी क्षणभर तिकडे बघते, आणि पुढच्या फेरीत सगळे पुन्हा होते तिथं. अशी हूल फुकट जाते. चांगला डीएम विचारतो, आग बघून टोळीनं काय सोडलं? पाण्याच्या बादल्या घेऊन धावताना धनुष्यं तंबूत राहिली का? दारावरचा माणूस कुलूप लावायचं विसरला का? खेळाडूंना त्यांच्या कल्पनेचं फळ असं ठोस वस्तूंत दिसलं की ते पुढचा कावा अधिक विचारानं रचतात.

आता फाशांकडे. डी अँड डीमध्ये बहुतेक निकाल वीस पैलूंच्या फाशावर लागतात. त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. 2014 च्या नियमांप्रमाणे चोरपावलांनी जाणाऱ्याची बेरीज पहारेकऱ्याच्या सावधपणाच्या आकड्याशी ताडून बघतात. म्हणा, पहारेकऱ्याचा आकडा 12 आणि हेराचं कौशल्य 4. फाशावर 8 किंवा जास्त पडलं की काम झालं. म्हणजे शंभरात 65 वेळा. ठीक वाटतं. पण चौघांना जायचं असेल आणि चौघांनाही वेगवेगळं यशस्वी व्हायला लागलं, तर ती शक्यता शंभरात 18 वर घसरते. मोठ्या टोळीनं लपून जाण्याचे बेत का फसतात, ते या एका गणितात कळतं. त्यासाठी नियमांत सामूहिक परीक्षेची सोय आहे: निम्म्या लोकांना जमलं तर टोळी सुटली. तेच चौघं, तोच पहारेकरी, पण आता यशाची शक्यता 87 च्या आसपास जाते. जाणते पुढे राहून अडाण्यांना सांभाळून नेतात, अशी त्यामागची कल्पना. डीएमनं दोन्हींपैकी काय वापरलं, यावर त्या टेबलावर कावा होणार की फक्त हाणामारी, हे ठरून जातं. फासे टाकण्याआधीच हे खेळाडूंना सांगणं उत्तम.

चांगल्या तयारीचं बक्षीस देण्याचीही पद्धत आहे. दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. वरच्याच हेराला हे मिळालं तर 65 चे 88 होतात. दाणागोट्याच्या गाड्या, ओल्या घोंगड्या, दारावरचं भांडण, अशी मेहनत घेतली असेल तर डीएमनं हा दुसरा फासा हात आखडता न घेता द्यावा.

हातघाईच्या लढाईतल्या हुलीचेही नियम आहेत. डी अँड डीच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत थाप मारण्याचं कौशल्य आणि समोरच्याचा हेतू ओळखण्याचं कौशल्य यांची टक्कर लावली जाई. हूल बसली तर शत्रूला पुढच्या घावासाठी चपळाईनं अंग चोरता येत नसे. 2019 मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत याला आणखी एक बाजू जोडली आहे. हूल अगदीच फसली तर ती देणाराच उघडा पडतो. हा नियम फार बोलका आहे. चढाईला गेलेला खेळाडू हूल देताना तोल घालवतो, तेव्हा त्याचा पाय कुणाच्या हातात सापडतो हे सगळ्यांना माहीत आहे. कावा फुकट नसावा. तो उलटू शकतो हे माहीत असेल तरच टेबलावरचे श्वास रोखले जातात.

मायेच्या, म्हणजे जादूनं भास निर्माण करण्याच्या मंत्रांना या खेळात मोठं स्थान आहे. अगदी नवख्या मांत्रिकालाही पाच फुटांच्या घनात मावणारी एखादी प्रतिमा किंवा एखादा आवाज मिनिटभर उभा करता येतो. हात लावला की प्रतिमेतून हात आरपार जातो आणि भांडं फुटतं. नवे खेळाडू तिथं सोन्याची रास नाहीतर अजस्र राक्षस उभा करायला जातात, आणि शत्रू लगेच जवळ जाऊन बघतो. त्यापेक्षा आपल्याकडची एक जुनी गोष्ट आठवावी. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात इंद्रजित मायावी सीता रथात घालून रणांगणावर आणतो आणि हनुमानाच्या डोळ्यांदेखत तिला मारतो. वानरसेना हतबल होते, राम मूर्च्छित होतो. इंद्रजिताला तेवढंच हवं असतं, कारण त्या वेळात त्याला निकुंभिलेला जाऊन यज्ञ पुरा करायचा असतो. भास पाहणाऱ्यांनी जवळ जाऊन तपासायची इच्छाच होऊ नये, इतका तो दुःखद निवडला आहे. आणि त्याचा उद्देश जिंकणं नाही, वेळ मिळवणं आहे. कावा ओळखतो तो बिभीषण, कारण तो त्या घरचा आहे. रावण सीतेला मारू देणार नाही हे त्याला ठाऊक आहे. टेबलाच्या भाषेत सांगायचं तर बिभीषणानं फासा टाकलाच नाही. त्याच्याकडे माहिती होती. शत्रूच्या गोटात असा एक बिभीषण आहे का, हे डीएमनं आधी ठरवून ठेवलं तर खेळाडूंचे बेत कुठं अडतील हे न्याय्य रीतीनं ठरतं.

आधी ठरवून ठेवणं, ही इथली सगळ्यांत उपयोगी सवय. समजा, एखाद्या डीएमला राक्षसभुवनाचा डाव मांडायचा आहे. खेळाडू पेशव्यांचे जासूद आहेत. त्यांना जानोजींच्या तळापर्यंत पोचून निरोप द्यायचाय आणि उतारावर किती फौज अलीकडे राहिली आहे त्याची पक्की खबर आणायची आहे. डाव सुरू होण्यापूर्वी डीएम तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो: विठ्ठल सुंदरला आत्ता काय माहीत आहे, त्याला कशाची काळजी आहे आणि काही न घडल्यास तो सकाळी काय हुकूम देईल. मग खेळाडू हवं तेवढं मोठ्यानं ठरवोत. चिठ्ठी बदलत नाही. बदलते ती खेळाडूंच्या कृतीतून शत्रूपर्यंत खरोखर एखादी बातमी पोचली तर, आणि ती कुणी पोचवली हे डीएमला सांगता आलं पाहिजे. डाव संपल्यावर चिठ्ठी उलटून दाखवावी. आपण डीएमला हरवलं नाही, दिवाणाला फसवलं, हे खेळाडूंना पटतं. राइसविट्झच्या पंचाचं काम ही एक चिठ्ठी करते.

याच डावात नदी हा आणखी एक शत्रू होऊ शकतो. प्रत्येक फेरीला फासा टाकून पाणी चढतं की उतरतं ते बघायचं. पाणी उतरलं तर विठ्ठल सुंदर निसटेल. चढलं तर खेळाडूंना परतीची वाट बंद. लढाईच्या आधीच घाम फुटतो.

आतापर्यंत खेळाडूंनी शत्रूला फसवण्याबद्दल झालं. डीएमनं खेळाडूंना फसवावं का? अवश्य. पण इथं एक रेघ आहे आणि ती ओलांडली की खेळ मोडतो. खेळाडूंना डोळे-कान नाहीत. डीएम सांगेल तेच त्यांना दिसतं. दारात उभा असलेला म्हातारा खोटं बोलू शकतो. पण “खोली रिकामी आहे” असं डीएमनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि मग आतून सहा जण बाहेर काढले, तर खेळाडूंना पुढच्या प्रत्येक वाक्यावर शंका घ्यावी लागते. “खोलीत कुणी दिसत नाही, पण राखेत अजून धग आहे” हे सांगणं पंचाचं काम झालं. खूण समोर होती. ती वाचायची की नाही हे खेळाडूंनी ठरवलं. फसल्यावर त्यांना वाटलं पाहिजे, अरे, हे दिसत होतं की!

या कलेचा खेळाच्या जगातला गाजलेला नमुना ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर 1987 च्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी लिहून ठेवला आहे. टकर नावाच्या डीएमच्या तळघरात कोबोल्ड नावाचे क्षुद्र प्राणी होते. एरवी कुठल्याही कसलेल्या योद्ध्याच्या एका घावात मरणारे. पण टकरच्या कोबोल्डांनी अरुंद बोगदे, आगी, आतून बंद केलेली दारं आणि भिंतींमधली भोकं वापरून बलाढ्य खेळाडूंना असं पिटाळलं की त्यांना खालच्या मजल्यांवरचे मोठे राक्षस बरे वाटू लागले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 1661 च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेचं शिवाजी महाराजांच्या थोड्या मावळ्यांनी काय केलं, ते शाळेतच वाचलेलं असतं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना रान, पाणी नाही, आणि मागं फिरायलाही जागा नाही. कमजोर बाजूला बळ देणारी गोष्ट बहुतेक वेळा जागेची माहिती असते, आणि नकाशा हातात असलेल्या डीएमला ती फुकट मिळते.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहायला हवं. खेळाडूंनी एकमेकांनाच फसवणं. ॲलन कॅलहॅमरच्या 1959 मधल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात दगाफटका हाच खेळ आहे, आणि बसणारा प्रत्येक जण ते जाणून बसतो. महिनोन्महिने एकत्र चालणाऱ्या रोल-प्लेइंग मोहिमेत तसं नसतं. सोबत्याच्या पात्राला ऐन लढाईत दगा द्यायचा असेल, तर सगळ्यांनी त्याला पहिल्या बैठकीतच होकार दिलेला असावा. नाहीतर पात्रांचं भांडण माणसांत उतरतं आणि पुढच्या रविवारी दोन खुर्च्या रिकाम्या राहतात.

कावा नसतानाही फसगत होते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण बीडच्या हद्दीला लागून असलेल्या खर्ड्याचं. 11 मार्च 1795. राक्षसभुवनाला पलीकडच्या काठावरून पाहणारा तोच निजाम अली, आता म्हातारा. दिवसाची लढाई अनिर्णित राहिल्यासारखी, दोन्ही फौजा थकलेल्या. रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक छोटी टोळी एका ओढ्यावर येऊन पोचली. तिथं निजामाच्या लोकांनी त्यांना ओळखून बार काढले. ते ऐकून निजामाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या, रेमंडच्या पलटणींनी अंधारात वेड्यावाकड्या फैरी झाडल्या. हल्ला आला असं वाटून तळात गोंधळ उडाला, आणि निजाम खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात जाऊन बसला. नंतर त्याला तहच करावा लागला. कुणी हूल दिली नव्हती. अंधार, थकवा आणि आधीची धास्ती यांनीच ती देऊन टाकली.

खेळात याला धैर्याची परीक्षा म्हणतात. 1981 च्या डी अँड डीमध्ये प्रत्येक शत्रूला धैर्याचा आकडा असे; पहिला माणूस पडला किंवा निम्मे कामी आले की सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे, आणि बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की शत्रू पळाला. आकडा 8 असेल तर पळण्याची शक्यता शंभरात 28. पण रात्र आहे, आवाज कुठून येतोय कळत नाही, म्हणून डीएमनं तो 2 नं उतरवला, तर ती 58 होते. पुढच्या आवृत्त्यांत हा नियम मागं पडला आणि शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढायला लागले, हे कावा आवडणाऱ्यांसाठी मोठंच नुकसान. फसलेला शत्रू मरायलाच हवा असं नाही. तो पळाला, शरण आला, चुकीच्या किल्ल्यात जाऊन बसला, तरी लढाई जिंकलेली असते. म्हणून हा जुना नियम आजच्या टेबलावर जरूर परत आणावा.

आणि एकदा फसलेला शत्रू ते विसरत नाही, दोस्त तर त्याहून नाही. निजामाला सोडून आलेल्या जानोजींना कबूल केलेला मुलूख मिळाला खरा, पण जो निजामाला सोडतो तो आपल्यालाही सोडेल, हे माधवरावांनी लक्षात ठेवलं. 1766 मध्ये ते निजामालाच बरोबर घेऊन जानोजींवर चालून गेले आणि त्या मुलखातला मोठा भाग परत घेतला; 1769 मध्ये कनकापूरच्या तहानं भोसल्यांना आणखी बांधून टाकलं. लांब चालणाऱ्या मोहिमेच्या डीएमनं वहीत एक पान यासाठी राखावं: कुणाला कशानं फसवलं, ते त्याला कळलं का, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं. मग चार बैठकांनंतर खेळाडू पुन्हा थकलेल्या पगाराचं निमित्त घेऊन एखाद्या तळावर गेले, तर तिथला दिवाण आधी खजिन्याच्या वह्या मागवेल, आणि तोवर त्यांना चहापाण्याला बसवून बाहेर पहारा दुप्पट करेल.